थायरॉईडचा रुग्ण आणि न उतरणारा ताप

वारंवार १०१ अंश फॅरनहाइटच्या वर जाणारा, तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा आणि रुग्णालयात आठवडाभर तपासण्या करूनही ज्याचे मूळ सापडत नाही, तो ‘अज्ञात कारणाचा ताप’, अशी व्याख्या पीटर्सडॉर्फ व बीसन या अमेरिकी वैद्यांनी १९६१ मध्ये केली. भारतात अशा वेळी क्षयरोग, विषमज्वर, हिवताप यांचा शोध आधी घेतला जातो आणि ते योग्यच आहे. मात्र रुग्णाला थायरॉईडचा विकार असेल, तर खुद्द त्या ग्रंथीकडे आणि तिच्यावरील औषधाकडेही पाहिले गेले पाहिजे.

स्विस शल्यविशारद द केर्व्हे यांनी १९०४ मध्ये वर्णन केलेला थायरॉईडदाह बहुधा सर्दीखोकल्यानंतर काही आठवड्यांनी उद्भवतो. त्याची कळ कान आणि जबड्यापर्यंत जात असल्याने रुग्ण दातांच्या दवाखान्यात किंवा कानाच्या डॉक्टरांकडे हेलपाटे घालतो. काही वेळा तर मान मुळीच दुखत नाही, फक्त ताप येतो, वजन घटते आणि छाती धडधडते. म्हणूनच रुग्णाच्या मागे उभे राहून, बोटे कंठमण्याच्या खाली ठेवून त्याला आवंढा गिळायला लावणे, ही बिनखर्चाची तपासणी कधीही टाळू नये. ग्रंथी टणक व हुळहुळी लागली, तर निदानाची दिशा मिळते. रक्तातील तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेग, म्हणजे ईएसआर, तासाला ५० मिलिमीटरच्या वर, प्रसंगी शंभरावर जातो. सुजलेल्या ग्रंथीतून साठलेले संप्रेरक रक्तात पाझरते, पण नवे तयार होत नाही. त्यामुळे किरणोत्सारी आयोडीन ती जवळजवळ शोषून घेत नाही आणि संप्रेरकनिर्मिती रोखणाऱ्या कार्बिमाझोलचाही येथे उपयोग नसतो. स्टेरॉईडने हा ताप एकदोन दिवसांत उतरतो. तरीही तेवढ्यावरून निदान पक्के मानू नये, कारण इतर अनेक ताप स्टेरॉईडने काही काळ दबतात आणि लपलेला क्षयरोग बळावू शकतो.

थायरॉईड अतिसक्रिय करणाऱ्या ग्रेव्हज विकारासाठी कार्बिमाझोल घेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र तीन आठवडे वाट पाहणे जिवावर बेतू शकते. हजारांत दोन ते पाच जणांत, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, या औषधाने जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात आणि महिन्यापूर्वीचा चांगला अहवाल याबाबत कोणतीही हमी देत नाही. अशा रुग्णाला ताप आला, घसा दुखू लागला किंवा तोंडात फोड आले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि पांढऱ्या पेशींची मोजणी करून घ्यावी.