बालवाडीची खोली आणि पुढे धावणारे मूल



घरी जे मूल चौकस म्हणून वाखाणले जाते तेच बालवाडीत चळवळे म्हणून तक्रारीस पात्र ठरते, असा अनुभव पुष्कळ पालकांना येतो. चौथ्या वर्षीच दुकानांच्या पाट्या वाचणाऱ्या अथवा शेंगांचे दाणे आपण होऊन पाच-पाचांच्या पुंजात मांडणाऱ्या बालकाला घटकाभर हाताची घडी घालून बसविले, म्हणजे त्याची बुद्धी उपद्रवाच्या वाटेने बाहेर पडते आणि दोष मात्र त्याच्या स्वभावाला लागतो.

अशा मुलांचा वर्गच निराळा करावा, हे मत मला मान्य नाही. इतक्या कोवळ्या वयात प्रज्ञेची पारख निश्चित होत नाही, आणि ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर परमुलखी जाणारे मूल तर हजेरीपटावरच अर्धे दिसते, मग निवडीत ते कोठून दिसणार! बुद्धिमंतांच्या शिक्षणासाठी १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापिली. तिच्या प्रशालेचा प्रवेशदेखील पाचवीपासून आहे. त्याआधीच्या वयात खोलीची मांडणीच अशी असावी की, ज्याला पुढे जावयाचे त्याला कोणाच्या हुकुमाची वाट पाहावी लागू नये.

हे अल्प खर्चात साधते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीबाईंची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी या दोघींनी शंखशिंपले, बिया, खडे, माती असे परिसरातील जिन्नस आणले, परंतु त्यामागील तत्त्व सोडले नाही. ते तत्त्व असे की साधन श्रेणीबद्ध असावे आणि चूक मुलाला साधनातूनच उमगावी.

आपल्याकडे चिंचोके विपुल आहेत. दहा चिंचोक्यांची एक माळ, दहा माळांची एक जुडी, दहा जुड्यांची एक टोपली, एवढी सामग्री मुलाच्या हाताला पोचेल अशा बुटक्या फळीवर ठेवली, तर एक मूल दहापर्यंत मोजून संतुष्ट होईल आणि त्याच्या शेजारचे हजारापर्यंत जाऊन बेरीज करू लागेल. दोघांसाठी फळी एकच. तिच्याजवळ तराजू, चित्रांची पुस्तके आणि ओली माती असावी. याहून महत्त्वाची तजवीज म्हणजे अपुरे काम उद्यापर्यंत जसेच्या तसे राहू शकेल असा एक कोपरा, कारण तीव्र बुद्धीच्या मुलाला एका विषयात दिवसचे दिवस रमावयाचे असते आणि घंटा होताच सर्व आवरून टाकण्याच्या शिरस्त्याने त्याचे फार नुकसान होते. बालवाडीच्या ताईंच्या दप्तरात हजेरीपटाबरोबर दुसरी एक वही असावी, आणि कोणत्या मुलाने आज काय विचारले एवढेच तीत लिहावे. पुढे गेलेल्या मुलाला इतरांचा पंतोजी मात्र करू नये. त्यालाही खेळगडी हवेत.

ताराबाईंच्या विकासवाडी या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदत. त्याच धर्तीवर, जेथे अंगणवाडी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात आहे तेथे वाचू लागलेल्या मुलाला रोज अर्धा तास पहिलीच्या वाचनाला बसू देण्यास पैशाची तरतूद लागत नाही. ताई आणि मुख्याध्यापक यांनी मे महिन्यात एकदा बसून वेळ ठरविली, तर येत्या जूनपासून त्याचा अंमल होऊ शकतो.