पुन्हा परीक्षेला बसताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाचे वाण लुटायचे असले की मी पुढे असते. भाषण म्हटले की मागच्या रांगेत जाऊन बसते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमची मुलगी सी.ए.चा एक ग्रुप पास झाली. आपल्या बोरीवलीतली पुष्कळ मुले त्या परीक्षेला बसतात. चार शब्द सांगा." मी कबूल केले. मात्र मी आज पास झाल्याची गोष्ट थोडी सांगणार आहे आणि नापास झाल्याची जास्त.

आधी ही परीक्षा कशी असते ते सांगते. मुलीने मला चार वेळा समजावले तेव्हा मला कळले. सी.ए. म्हणजे हिशेब लिहिणारे आणि तपासणारे. त्यांची संस्था 1 जुलै 1949 रोजी कायद्याने स्थापन झाली. परीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत: फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल. शिवाय एखाद्या सी.ए.च्या कचेरीत उमेदवारी करावी लागते. फायनलचे दोन ग्रुप. प्रत्येकात तीन पेपर, आणि पेपर शंभर गुणांचा. पास होण्यास दोन अटी आहेत. प्रत्येक पेपरात किमान 40 गुण हवेत, आणि ग्रुपची बेरीज निम्मी, म्हणजे 300 पैकी 150 हवी. एक अट पाळली आणि दुसरी हुकली तरी नापासच. त्यात एक सोय आहे. ज्या पेपरात 60 किंवा अधिक गुण पडले, तो पुढच्या तीन परीक्षांत पुन्हा द्यावा लागत नाही. ते गुण तसेच जमेस धरतात.

माझी मुलगी मे 2024 मध्ये पहिल्या ग्रुपला बसली. तिला 44, 42 आणि 61 गुण मिळाले. बेरीज 147. तीन गुण कमी पडले. सगळे म्हणाले, तीन गुणांचे काय ते, पुढच्या वेळी सहज निघेल. मीही तसेच म्हणाले. 61 गुणांचा पेपर सुटला होता, दोनच राहिले होते.

दुसऱ्या वेळचा पहिला पेपर 3 नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी आला. दुपारी दोन ते पाच. भाऊ ओवाळून घेण्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबला. ती आली ती उतरलेल्या चेहऱ्यानेच. म्हणाली, "आई, पेपर फार लांब होता. शेवटचे दोन प्रश्न राहिले." तिने ओवाळले, पण ताटातली करंजी तशीच राहिली.

26 डिसेंबरला निकाल लागला. नापास. आणि त्या दिवशी माझ्या तोंडून जे निघाले, ते सांगण्यासाठीच मी आज इथे उभी आहे. मी म्हणाले, "पेपर काय तुझ्या एकटीला अवघड होता? खालच्या मजल्यावरचा मुलगा त्याच पेपराला पास झाला ना?"

तिने उत्तर दिले नाही. दोन दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले. तिसऱ्या दिवशी रात्री ती गुणपत्रक घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, हे बघ." त्यावर 38, 52 आणि जुने 61 होते. बेरीज 151. म्हणजे बेरजेची अट या वेळी पुरी झाली होती. पण एका पेपरात 40 ला दोन गुण कमी पडले. पहिल्यापेक्षा चार गुण जास्त मिळवून पोर नापास झाली होती, आणि मी नुसता "नापास" हा शब्द ऐकून बोलून गेले होते. मी ते गुणपत्रक आधी हातातसुद्धा घेतले नव्हते.

मग मी विचारले, "पेपर खरंच दर वेळी वेगळा असतो का गं?" तिने मला आकडे दाखवले. पहिल्या ग्रुपला बसलेल्या शंभर मुलांपैकी मे 2024 मध्ये सुमारे 27 पास झाली होती, नोव्हेंबरात सुमारे 17. पुढे मे 2025 मध्ये 22 झाली. एवढ्यावरून नोव्हेंबरचा पेपरच अवघड होता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण बसणारी मुलेही दर वेळी तीच नसतात. पण दार दर वेळी सारखेच उघडत नाही, एवढे खरे. आपण तांदूळ नवा की जुना हे पाहून पाणी कमीजास्त घालतो. इथे पेपर लांब येवो की आटोपशीर, 40 आणि 150 चे माप तेच राहते.

हे मला पटले. तरी मनात आले की पेपर तिच्या हाती नाही, माझ्याही नाही. मग हाती काय आहे? तिने शुल्क भरून आपल्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. त्यात दिसले की जे लिहिले होते त्याचे गुण बरे मिळाले होते. कमी पडले ते न लिहिलेल्याचे. पहिल्याच मोठ्या प्रश्नात, अनेक कंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याच्या, तिचा पाऊण तास गेला होता.

घरात तेव्हा दुसरा प्रश्न उभा होता. हे म्हणाले, "उमेदवारी झाली आहे, आता नोकरी धरू दे. किती वेळा बसणार?" त्यांचेही चूक नव्हते. घराचा हप्ता त्यांनाच भरायचा असतो. पण मला माझी सातवी आठवली. आमच्या गावी पुढची शाळा खाडीपलीकडे होती, आणि मुलीला तरीतून रोज कोण पाठवणार, म्हणून माझे शिक्षण तिथेच थांबले. मला एकदाही बसायला मिळाले नाही. हिला पुन्हा बसता येत होते. मी यांना म्हणाले, "मेपर्यंत थांबा. नाही झालं तर नोकरी करून अभ्यास करील." भिशीचे माझे पैसे आले होते, ते फीला दिले.

त्यानंतर दर रविवारी दुपारी दोन वाजता ती जुना पेपर घेऊन बसायची. फायनान्शियल रिपोर्टिंग म्हणजे काय ते मला आजही कळत नाही. पण घड्याळ कळते. प्रत्येक प्रश्नाची वेळ ती मला कागदावर लिहून द्यायची. वेळ झाली की मी टेबलावर टकटक करायची, आणि तिने तो प्रश्न सोडून पुढे जायचे. पहिले दोन रविवार ती चिडली. मग हात बसला. त्या तीन तासांत टी.व्ही. बंद, कुकरची शिट्टी बंद, शेजारणींचा चहासुद्धा पाच वाजल्यानंतर. तुमच्यापैकी काहीजणी दारातून परत गेल्या आहेत, त्यांची आज क्षमा मागते.

6 जुलै 2025 रोजी निकाल लागला. 47, 53 आणि 61; बेरीज 161. मी विचारले, "या वेळी सोपा होता का?" ती म्हणाली, "नाही गं. पण या वेळी मी शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचले."

दुसरा ग्रुप अजून राहिला आहे. 2025 पासून फायनल वर्षातून तीनदा होऊ लागली आहे, त्यामुळे वाट पाहणे थोडे कमी झाले. मुलीनेच मला सांगितले की मद्रासच्या आर. शिवभोगम् यांनी स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास सोसला, आणि 1933 साली हिशेबाची पदविका मिळवून त्या देशातल्या पहिल्या महिला हिशेबतपासनीस झाल्या. तेव्हा आपल्या मुलींची वाट काही अगदी नवी नाही.

मैत्रिणींनो, दोनच विनंत्या करते. निकालाच्या दिवशी "कितवी वेळ?" असे विचारू नका, आणि आईने आधी गुणपत्रक पाहावे, मग तोंड उघडावे. दुसरी विनंती मंडळाला. आपली ही खोली दुपारी एक ते पाच रिकामी असते. आपल्याकडे कितीतरी घरे एका खोलीची आहेत. तिथे तीन तास सलग शांतता मिळणे कठीण. अशा मुलामुलींना रविवारी इथे बसून पेपर सोडवू द्यावा. घड्याळाकडे लक्ष ठेवायला मी येईन.