एका वाड्यात अनेक चुली

संगणकावरची कामे दोन ठिकाणी होतात. काही कामे ब्राउझरच्या खिडकीत उरकतात. बँकेतील शिल्लक पाहणे, रेल्वेचे तिकीट काढणे, वर्तमानपत्र वाचणे ही त्यांपैकी होत. काही कामांसाठी मात्र संगणकावर स्वतंत्र प्रोग्रॅम बसवावा लागतो. त्याचे चिन्ह पडद्यावर असते, इंटरनेट नसतानाही तो उघडू शकतो आणि यंत्रातील फायली वाचण्याचा व लिहिण्याचा अधिकार त्यास असतो. पूर्वी या दोन प्रकारांची घडण अगदी भिन्न असे व ती करणारे कारागीरही भिन्न असत. २०१३ नंतरच्या वर्षांत ही भिंत पुष्कळशी ढासळली. आज बाहेरून स्वतंत्र दिसणारे कित्येक प्रोग्रॅम आतून वेबपानेच असतात. हे कसे घडले, त्यात लाभ कोणाचा झाला आणि त्याचे मोल कोणाच्या पदरी पडले, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम जुनी अडचण पाहू जाता असे दिसते की, विंडोज, मॅक आणि लिनक्स ही तीन निरनिराळी राज्ये आहेत. विंडोजसाठी सी-प्लस-प्लस किंवा सी-शार्प, मॅकसाठी ऑब्जेक्टिव्ह-सी व २०१४ नंतर स्विफ्ट, आणि लिनक्ससाठी जीटीके किंवा क्यूटी, असा प्रत्येकाचा रिवाज वेगळा. एकच बटण तीन वेळा घडवावयाचे आणि एकच चूक तीन ठिकाणी दुरुस्त करावयाची. मोठ्या कंपनीस हे परवडे. चारपाच जणांचा चमू मात्र बहुधा विंडोजवरच थांबे आणि इतरांस हात हलवीत परत जावे लागे. याउलट एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबच्या तीन साधनांनी रचलेले पान कोणत्याही यंत्रावर जवळजवळ सारखेच उमटते. तेव्हा ही साधने ब्राउझरच्या कुंपणाबाहेर का आणू नयेत, हा प्रश्न स्वाभाविकच होता.

त्या दिशेने पहिले पाऊल बरेच जुने आहे. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीबरोबर वेबपानासच प्रोग्रॅमचे रूप देण्याची सोय केली होती. परंतु ती विंडोजपुरतीच राहिली. खरी अनुकूलता पुढे दोन गोष्टींनी आली. २००८ साली गूगलने क्रोमियम या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांस खुली केली, आणि २००९ साली रायन डाल यांनी नोड हे साधन प्रसिद्ध करून जावास्क्रिप्टला ब्राउझरबाहेर, थेट फायलींपर्यंत, वावरण्याची वाट मोकळी केली. एकाकडे चित्रकाराचा कुंचला होता आणि दुसऱ्याकडे कोठीच्या किल्ल्या. २०११ साली इंटेलमधील रॉजर वँग यांनी अशा दोहोंची सांगड घालणारे नोड-वेबकिट हे साधन सुरू केले. त्या कामात हातभार लावलेले चेंग झाओ यांनी पुढे २०१३ च्या जानेवारीत गिटहबसाठी नवी जोडणी आरंभिली. ॲटम नावाच्या संपादकाचा तो पाया होता. २०१४ साली ती जोडणी सर्वांस खुली झाली आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये तिचे नाव इलेक्ट्रॉन असे ठेवण्यात आले. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने तिच्याच आधारे घडविलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा संपादक जाहीर केला. नियतीचा खेळ असा की, ज्या ॲटमसाठी हा खटाटोप झाला तो १५ डिसेंबर २०२२ रोजी कायमचा थांबविण्यात आला. इमारत गेली, पाया मात्र राहिला.

या पद्धतीचे मर्म समजण्यास सोपे आहे. इलेक्ट्रॉनवर बांधलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर क्रोमियमचे संपूर्ण इंजिन आणि संपूर्ण नोड येते. आत एक मुख्य प्रक्रिया असते. ती घरच्या कारभाऱ्याप्रमाणे खिडक्या उघडते व मिटते आणि यंत्राशी व्यवहार करते. प्रत्येक खिडकीतील पान रंगविणारी प्रक्रिया वेगळी असते. तिला एखादी फाइल हवी असल्यास तिने कारभाऱ्याकडे निरोप पाठवावा, अशी शिस्त आहे. वेबपाने रचणारा कारागीर अशा रीतीने नवी भाषा न शिकता तिन्ही राज्यांत प्रवेश करतो. ज्या चमूंना पूर्वी एकच दार उघडता येत होते, त्यांना तीन दारे मोकळी झाली.

मराठी वाचकांच्या दृष्टीने या पद्धतीचा एक लाभ विशेष आहे. देवनागरीतील अक्षरे एकापुढे एक ठेवून भागत नाही. त्यांची जोडणी करावी लागते. ‘क्ष’ जुळला पाहिजे, वेलांटी आपल्या जागी बसली पाहिजे, ‘दुसऱ्या’मधील अर्धा र योग्य आकारात उमटला पाहिजे. सर्वस्वी स्वतःच्या पद्धतीने अक्षरे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही जोडणी विस्कटण्याचा धोका असतो. क्रोमियममध्ये हे काम हार्फबझ नावाचे साधन करते आणि ते इंजिनाबरोबरच येत असल्यामुळे तिन्ही राज्यांत जोडणी सारखीच होते. एवढेच नव्हे, तर पानाची भाषा मराठी असल्याची नोंद केली आणि निवडलेल्या टंकात तशी तरतूद असली, तर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची न येता मराठी वळणाची येतात. इंदूर, ग्वाल्हेरकडील ज्या वाचकांच्या डोळ्यांसमोर दोन्ही वळणे नित्य असतात, त्यांस या भेदाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आता नाण्याची दुसरी बाजू. एका वाड्यात दहा बिऱ्हाडे असावीत आणि प्रत्येकाने वेगळी चूल मांडावी, तशी येथील स्थिती आहे. ज्या प्रोग्रॅमचे स्वतःचे काम मूठभर आहे, तोही पाठीवर शंभर एमबीच्या आसपासचे ओझे घेऊन येतो. असे चारपाच प्रोग्रॅम एकदम उघडले की मेमरीत तितकीच इंजिने वेगवेगळी चालू राहतात; एकाचे सरपण दुसऱ्याच्या कामी येत नाही. नव्या, सधन यंत्रावर हे जाणवत नाही. परंतु शाळेतील अथवा ग्रंथालयातील चार जीबी मेमरीचा जुना संगणक मात्र धापा टाकू लागतो. प्रोग्रॅम घडविणाऱ्याचे जे श्रम वाचले, त्यांचे देणे अशा प्रकारे वापरणाऱ्याच्या खात्यावर पडते. आणि ज्याचे यंत्र दुबळे, त्याच्यावर ते अधिक पडते.

यास उपाय नाही असे नव्हे. स्लॅक या संभाषणाच्या प्रोग्रॅममध्ये पूर्वी एकाच माणसाच्या निरनिराळ्या कार्यसमूहांसाठी निरनिराळ्या प्रक्रिया चालत. २०१९ साली त्याची पुनर्रचना करून सर्व समूह एकाच प्रक्रियेत आणले गेले, आणि मेमरीचा खर्च निम्म्यापर्यंत उतरल्याचे कंपनीने जाहीर केले. साधन तेच होते, इलेक्ट्रॉनच. बदलली ती मांडणी. मायक्रोसॉफ्टने टीम्सच्या बाबतीत दुसरा मार्ग धरला. २०२३ साली नव्या टीम्समध्ये इलेक्ट्रॉन सोडून विंडोजचेच वेबव्ह्यू-टू हे इंजिन वापरण्यात आले.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून नाजूक आहे. ब्राउझरमधील पान हे ओसरीवर बसलेल्या पाहुण्यासारखे असते. माजघरात त्यास मज्जाव असतो. इलेक्ट्रॉनच्या आरंभीच्या काळात त्याच पाहुण्याच्या हाती कोठीच्या किल्ल्या सहज पडत. बाहेरून आलेल्या मजकुरात कोणी कपटाने जावास्क्रिप्ट घुसविली, तर ती यंत्रातील फायलींपर्यंत पोहोचू शके. म्हणून २०१९ साली पाचव्या आवृत्तीत पानांस नोडची मोकळीक न देणे हाच मूळ नियम झाला. २०२१ साली बाराव्या आवृत्तीत पान आणि प्रोग्रॅमची अंतर्गत संहिता यांच्यामध्ये पडदा आला, आणि २०२२ साली विसाव्या आवृत्तीत पाने बंदिस्त आवारात चालविण्याची प्रथा पडली. तथापि दक्षता संपत नाही. संगणकावरील ब्राउझर अद्ययावत केला म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटातील इंजिन अद्ययावत होत नाही. इलेक्ट्रॉनची नवी मुख्य आवृत्ती साधारण दर आठ आठवड्यांनी निघते आणि डागडुजी अलीकडच्या तीनच मुख्य आवृत्त्यांची होते. प्रोग्रॅम एकदा बांधून जो विसरला, त्याने आपल्या ग्राहकाचे दार उघडे टाकले असे समजावे.

वेगळ्या चुली नकोत म्हणून सामायिक चुलीचा प्रयोगही झाला आहे. रस्ट भाषेत लिहिलेल्या टॉरी या साधनाची पहिली पक्की आवृत्ती २०२२ साली आली. ते स्वतःबरोबर इंजिन आणीत नाही. यंत्रावर आधीच असलेले वापरते. त्यामुळे प्रोग्रॅमचा आकार पुष्कळच लहान होतो. परंतु विंडोजवर एक इंजिन, मॅकवर दुसरे आणि लिनक्सवर तिसरे, अशी गाठ पडते. मग एके ठिकाणी नीट दिसलेले पान दुसरीकडे किंचित बिघडते आणि तिन्हीकडे तपासणी करणे भाग पडते. म्हणजे जी अडचण दारातून घालविली, ती खिडकीतून थोडीशी परत येते. फुकटचे असे कोणत्याच मार्गात काही नाही.

म्हणून या पद्धतीस सरसकट आळसाचा मार्ग म्हणणे जसे अन्यायाचे, तसेच तिला सर्व दुखण्यांवरील मात्रा समजणे भ्रमाचे आहे. बांधणाऱ्याने आरंभीच स्वतःस काही प्रश्न विचारावेत. हे काम साध्या वेबपानावर भागण्यासारखे आहे काय? फायलींशी किंवा यंत्राशी खरोखर संबंध येणार आहे काय? इंजिन वेळोवेळी बदलण्याची तयारी आहे काय? आणि प्रोग्रॅम पुरा झाल्यावर त्याची परीक्षा कारागिराच्या मेजावरील उत्तम यंत्रावर नव्हे, तर ग्राहकाकडील सर्वांत दुबळ्या यंत्रावर व्हावी. बांधणाऱ्याचे श्रम वाचावेत यात गैर काही नाही. मात्र वाचलेल्या श्रमांतील काही वाटा ज्याने ग्राहकाचे ओझे हलके करण्यात खर्च केला, त्याचीच बचत न्यायाची ठरते.