मृत्तिका खनिजे आणि शाखायुक्त बहुवारिके



उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगून चिकट होणारी दख्खनची काळी जमीन भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातून सर्वांच्या परिचयाची असते. तिचा हा गुणधर्म स्मेक्टाइट गटातील खनिजांमुळे येतो. त्यांपैकी माँटमोरिलोनाइट हे विशेष महत्त्वाचे. त्याचे पापुद्रे सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे असून त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. तो संतुलित करण्यासाठी पापुद्र्यांच्या मध्ये सोडियम, कॅल्शियम यांचे धन आयन असतात. तेथे पाणी शिरले की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात. जेथे पाणी शिरते तेथे धनभारित बहुवारिकही शिरू शकते, आणि प्रस्तुत विषयाचा पाया हाच आहे.

या शक्यतेचे औद्योगिक मोल प्रथम जपानमध्ये सिद्ध झाले. टोयोटाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात नायलॉन-६ मध्ये अशी माती मिसळण्यात आली. मातीचे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी होते. तरीही भाराखाली नायलॉन वाकू लागण्याचे तापमान ६५ अंश सेल्सिअसवरून सुमारे १४५ अंशांपर्यंत वाढले. मोटारीच्या इंजिनाजवळील भागासाठी हे साहित्य वापरले गेले.

नायलॉनची साखळी सरळ असते. शाखायुक्त बहुवारिकांची रचना मात्र वृक्षासारखी असते आणि प्रत्येक फांदीच्या टोकाशी एक क्रियाशील गट असतो. अशा नियमबद्ध रेणूंना, म्हणजे डेंड्रिमरना, डोनाल्ड टोमालिया यांच्या १९८५ मधील शोधनिबंधाने प्रसिद्धी मिळवून दिली. त्यांच्या एका प्रचलित प्रकारात टोकांची संख्या पिढीगणिक ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुप्पट होते. परंतु प्रत्येक पिढीसाठी दोन अभिक्रिया कराव्या लागतात आणि प्रत्येक वेळी शुद्धीकरणही करावे लागते. परिणामी, रेणू जितका रेखीव तितका तो महाग. अतिशाखी बहुवारिके बहुधा एकाच टप्प्यात तयार होतात. त्यांच्या फांद्या अनियमित असतात, पण पुष्कळ उपयोगांना तेवढे पुरेसे ठरते. औषध पेशीपर्यंत पोहोचवताना अचूकता हवी. सांडपाण्यातील धातू पकडताना तिची किंमत मोजणे व्यर्थ होय.

हा मुद्दा भारताच्या दृष्टीने केवळ शास्त्रीय नाही. गुजरातमधील कच्छ आणि राजस्थानातील बाडमेर येथे बेंटोनाइटचे मोठे साठे आहेत, आणि बेंटोनाइटचा मुख्य घटक माँटमोरिलोनाइट हाच आहे. विहिरींचे खोदकाम, ओतकामाची वाळू, लोहखनिजाच्या गोळ्या, इतकेच काय पण परदेशातील पाळीव मांजरांच्या शौचपेट्यांसाठीही ही माती वापरली जाते. मूल्यवर्धनाच्या शिडीवरील या खालच्या पायऱ्या होत.

वरची पायरी कशी असू शकते, याचे उदाहरण क्रोमियमचे आहे. कानपूरजवळील राणिया आणि तमिळनाडूतील राणीपेट येथे क्रोमियम-संयुगांच्या उत्पादनातून उरलेल्या कचऱ्याच्या ढिगांमुळे भूजल दूषित झाले. षट्संयुजी क्रोमियम हा कर्करोगकारक आहे. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात ऋण आयनाच्या रूपात असतो आणि मातीही ऋणभारित. त्यामुळे साधी माती त्याला जवळ करीत नाही. मातीवर शाखायुक्त पॉलिएथिलिनइमाइन चढवले की चित्र पालटते. त्याचे अमाइन गट आम्लयुक्त पाण्यात धनभारित होतात, क्रोमेट खेचून घेतात आणि त्यातील काही भागाचे तुलनेने कमी घातक त्रिसंयुजी क्रोमियममध्ये क्षपणही करतात. बहुवारिक एकटे वापरले असते तर ते पाण्याबरोबर वाहून गेले असते. मातीचा आधार मिळाल्याने ते टिकते.

मात्र प्रयोगशाळेतील यश आणि गावातील नळ यांच्यात अंतर आहे. भूजल सामान्यतः आम्लयुक्त नसते, आणि त्यातील सल्फेट त्याच जागांसाठी स्पर्धा करतात. पाणी आम्लयुक्त करून पुन्हा उदासीन करण्यास खर्च येतो. ज्या एझिरिडीनपासून हे बहुवारिक बनते ते स्वतःच अत्यंत विषारी आहे. म्हणजे उत्पादनाच्या ठिकाणची सुरक्षितता हिशेबातून वगळता येत नाही. वापरलेली माती अल्कलीने धुऊन पुन्हा वापरता येते, तथापि धुतलेल्या द्रावणात तोच क्रोमियम अधिक तीव्र स्वरूपात उरतो. त्याची विल्हेवाट कोणी लावायची, हा प्रश्न शोधनिबंधांत क्वचितच आढळतो.

म्हणून अशा पदार्थाचे मूल्यमापन एक ग्रॅम मातीने किती मिलिग्रॅम क्रोमियम पकडला, यावर थांबू नये. एक हजार लिटर पाणी शुद्ध करण्यास किती खर्च आला, किती वेळा धुतल्यावर माती निकामी झाली आणि उरलेल्या गाळाचा भार कोणी उचलला, हे आकडे प्रथम मागावयास हवेत. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केले आहे. त्यानुसार हा खर्च गावाच्या पाणीपट्टीत नव्हे, तर कारखान्याच्या ताळेबंदात दिसावयास हवा.