जित्या मायबापांचें घर
(पुणतांबें येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



1 जून 2017 रोजीं याच गांवांतून शेतकऱ्यांचा संप उभा राहिला. सरकारपुढें हक्काचें बोलणारे आपण, घरांतल्या हक्काचें बोलणें मात्र बाप गेल्यावर दहाव्याच्या घाटावर काढतों. कांठावर पिंड मांडलेला, कावळ्याची वाट पाहणें चाललेलें, आणि धाकटा थोरल्याला विचारतो, "सातबाऱ्याचें काय?" मेलेल्याला घांस मिळावा म्हणून एवढी धडपड, मग जित्या मायबापांच्या घांसाची पक्की सोय कोणीं केली?

चाल अशी आहे. हातपाय थकले कीं म्हातारा म्हणतो, "माझ्यामागें तंटा नको, आतांच लिहून देतों." बक्षीसपत्र होतें, अंगठा उमटतो, आणि त्या दिवसापासून म्हातारा आपल्याच घरांत पाहुणा! सुतार-लोहाराचें तर घर हाच कारखाना; पडवी गेली कीं ऐरण व रंधा ठेवावयाचा कोठें? बक्षीसपत्र नोंदलें व मुलानें स्वीकारलें, कीं 1882 च्या मिळकत हस्तांतर कायद्याप्रमाणें तें नुसतें मनांत आलें म्हणून मागें घेतां येत नाहीं.

मृत्युपत्राचें तसें नाहीं. तें मृत्यूनंतरच लागू होतें. तोंवर घर आपलें, आणि कागद कितीहि वेळां बदलतां येतो. स्टांप लागत नाहीं. आपली सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला कांहीं मिळावयाचें आहे त्याला साक्षीदार करूं नये. नोंदणी सक्तीची नाहीं, पण केलेली बरी. मात्र वडिलोपार्जित जमिनींत बापाला आपल्या हिश्शापुरतेंच लिहितां येतें. तींत मुलीचा वाटा मुलाइतकाच व जन्मापासून आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें 11 ऑगस्ट 2020 रोजीं सांगितलें. तेव्हां चोळीबांगडी देऊन बहिणीकडून हक्कसोड लिहून घेणें, हा भाऊपणा नव्हे.

इतकें ऐकूनहि कोणाला हयातींतच द्यावयाचें असेल, तर एक ओळ विसरूं नका: "मला मरेपर्यंत सांभाळावें, या अटीवर देत आहें." 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचें 23 वें कलम या ओळीवर उभें आहे. अट मोडली तर दिलेलें रद्द करून मागतां येतें. 6 डिसेंबर 2022 रोजीं सर्वोच्च न्यायालयापुढें एका वृद्ध मातेचा दावा टिकला नाहीं, कारण कागदांत अशी अट नव्हती. 2 जानेवारी 2025 रोजीं मध्यप्रदेशांतील दुसऱ्या मातेला त्याच न्यायालयानें घर परत देवविलें. तिच्या कागदपत्रांत सांभाळाचें वचन होतें. दुःख दोघींचें खरें असेल, पण कोर्ट कागद वाचतें.

ज्यांनीं आधींच लिहून दिलें आहे, त्यांनींहि उपाशी बसूं नये. त्याच कायद्यानें प्रांताकडे अर्ज करतां येतो. राहाता तालुक्याचे प्रांत शिर्डीस बसतात. मुलांकडून महिना 10,000 रुपयांपर्यंत पोटगी ठरते, आणि नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा असें कायदा म्हणतो. पोटच्या पोरावर अर्ज करावयाची लाज वाटते, हें मी जाणतों. पण लाज उपाशी ठेवणाराला वाटावी, उपाशी राहणाराला नव्हे.

मुलांचीहि बाजू आहे. एक भाऊ पुण्यास नोकरी करतो, दुसरा गांवीं राहून बापाचें दुखणें काढतो. त्याची बायको रात्र रात्र जागते. वाटणीच्या दिवशीं मात्र दोघे सारखे! ज्यानें सेवा केली त्याला आपल्या कमाईतलें चार काकण अधिक द्यावयाचें असेल, तर बापानें तें उघड लिहावें आणि मुलें, मुली, सुना या सर्वांना एकत्र बसवून वाचून दाखवावें. चोरून केलेला कागद भाऊबंदकी पेरतो. सर्वांसमक्ष वाचलेल्या कागदावर चार दिवस रुसवा होईल. पण बाप समोर असतो, तोच समजूत घालील. त्याच्या मागें ती कोण घालणार?