जंतूंची एकजूट



गेल्या साली माझ्या धाकट्याच्या मांडीवर गळू झाले. मी ते घरीच दाबून पू काढला. रात्री त्याला सणसणून ताप भरला आणि आठ दिवस इस्पितळात काढावे लागले. चूक माझीच.

स्कॉटलंडमधील ॲबरडीनचे शल्यविशारद ऑगस्टन यांना पुवात हे जंतू द्राक्षांच्या घोसासारखे दिसले. १८८२ साली त्यांनी त्यांना स्टॅफिलोकोकस हे नाव दिले. हे जंतू पुष्कळांच्या नाकात निमूट राहतात. पण जखमेतून आत शिरले की त्यांच्या अंगावरची प्रथिने आपला डाव साधतात. रक्त गोठण्यास लागणारे फायब्रिनोजेन आपल्या रक्तात असते. त्याच्या दोन टोकांना दोन जंतू चिकटतात, आणि असे होता होता गठ्ठा बनतो. सुटा जंतू आपल्या पांढऱ्या पेशी गिळतात. गठ्ठा गिळणे त्यांना जड जाते, औषधही नीट लागू पडत नाही.

म्हणून सांगते, गळू दाबू नका, झाकून ठेवा, हात साबणाने धुवा, आणि बरे वाटले तरी डॉक्टरांचे औषध अर्धवट सोडू नका. आपल्या मंडळाची एकजूट वाढो; जंतूंची मात्र होऊ देऊ नका!