ताटली कुठे जाणार?



रमजान तोंडावर आलाय. सामूहिक इफ्तारच्या याद्या सुरू झाल्यात आणि खजूर, फळं, शरबत यांच्याखाली एक ओळ हमखास असते: डिस्पोजेबल प्लेट, ग्लास, चमचे. मला आज फक्त त्या एका ओळीवर बोलायचंय.

1 जुलै 2022 पासून देशभर प्लास्टिकच्या अशा प्लेट-ग्लासांवर बंदी आहे. महाराष्ट्राने तर 2018 मध्येच बंदी आणली होती. केंद्राच्या नियमात कंपोस्टेबल प्लास्टिकला मात्र सूट आहे. मग झालं काय, दुकानं हिरवं पान छापलेल्या मालाने भरली. कुणी ‘बायोडिग्रेडेबल’ लिहितो, कुणी ‘कंपोस्टेबल’. दुकानदाराला विचारा, तो म्हणेल, सगळं एकच हो!

एकच नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. क्लायंट म्हणाला ‘अ‍ॅप फास्ट पाहिजे’, की आम्ही विचारतो, किती सेकंद? कुठल्या फोनवर? ‘बायोडिग्रेडेबल’ हा तसाच मोघम शब्द. सूक्ष्मजीव ती वस्तू कधीतरी खाऊन टाकतील, एवढंच तो सांगतो. सागाचा ओंडकाही बायोडिग्रेडेबलच की!

‘कंपोस्टेबल’मागे आकडे आहेत. आयएस/आयएसओ 17088 हे त्याचं मानक. कंपोस्टमध्ये 12 आठवडे ठेवून चाळलं, तर 2 मिलिमीटरच्या चाळणीवर 10 टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत. 180 दिवसांत 90 टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. त्या खतात रोपही नीट वाढलं पाहिजे. असा माल विकण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते मागून बघा.

पण मेख पुढेच आहे. ही चाचणी होते 58 अंशांच्या आसपास, ओलावा आणि हवा सांभाळून. ‘मक्यापासून बनलेला’ म्हणून जो पारदर्शक ग्लास मिळतो, तो पीएलएचा. त्याला एवढी उष्णता लागतेच. गॅलरीतल्या कुंडीत पुरलात तर पुढच्या रमजानलाही सापडेल. भंगारात गेला तर बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळून तो मालही खराब करतो.

आणि डम्पिंगवर गेला तर? तिथे ढिगाऱ्याच्या पोटात हवाच नसते. पीएलए तसाच पडून राहतो. उरलेली बिर्याणी आणि खरोखर कुजणारी ताटली मिथेन सोडतात, आणि मिथेन आगीला खाद्य पुरवतो. जानेवारी 2016 मध्ये देवनारचं डम्पिंग पेटलं, तेव्हा कित्येक दिवस धूर होता. शेजारी गोवंडी आहे. तिथे कोण राहतं, हे या सभागृहात सांगायला नको. आपल्या दावतीची ताटली आपल्याच माणसांच्या उशाला जाऊन पडते.

म्हणून माझा क्रम सांगतो. आधी स्टीलची ताटं. बऱ्याच जमातींकडे देगांबरोबर तीही असतात, धुवायला चार पोरं लागतात, बस्स. किंवा मोठा थाळ आणि भोवती चौघं, हे तर आपल्याला शिकवायला नको. अगदीच नाही जमलं तर पळसाच्या पत्रावळी, सुपारीच्या विरीच्या किंवा उसाच्या चिपाडाच्या ताटल्या, पण आतून प्लास्टिकचा थर नसलेल्या. ओळखायचं कसं? कोपरा सावकाश फाडा. कडेला पातळ पापुद्रा ताणला गेला, की थर आहे. कागदी चहाचे कप फाडून बघा, बहुतेकांत तो दिसेल. पीएलए सगळ्यात शेवटी, आणि तेही कंपोस्ट प्रकल्प तो घेतो म्हणाला तरच.

खरेदीआधी वॉर्ड ऑफिसला एक फोन करा: आमचा ओला कचरा नेमका कुठे जातो? 2016 च्या घनकचरा नियमांनी, परवाना नसलेल्या जागी 100 हून जास्त माणसं जमवणाऱ्या आयोजकांना तीन दिवस आधी पालिकेला कळवायला आणि कचरा वेगळा करून द्यायला सांगितलं होतं. आपल्या किती इफ्तारमध्ये हे झालं?

मी बाजारातून सहा प्रकारच्या ताटल्या आणल्यात. त्या टेबलावर आहेत. या पुढे, फाडून बघा, मग प्रश्न विचारा.